हलणारा हार

रामलिंगच्या कंप्युटरमध्ये एकेका लग्नपत्रिकेच्या सात-सात फायली असतात. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’, ‘फायनल मामाचं नाव बदलून’, ‘फायनल हीच’, आणि उरलेल्या दोन्हींना नावच न सुचल्यामुळं नुसते आकडे. तो काही पुसत नाही. पुसलेलं उद्या कुणी मागितलं तर, ही एक भीती, आणि एक पुसताना चुकून दुसरंच पुसलं गेलं तर, ही दुसरी. बावीस वर्षं हा माणूस लातुरात घराच्या पुढच्या खोलीत बसून पत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दुकानांच्या पाट्या आणि कोचिंग क्लासच्या गुणवंतांचे फ्लेक्स करत आला. कुणाच्या नोकरीत नाही, कुणाच्या हाताखाली नाही. तरी या बावीस वर्षांत त्यानं एकही दिवस न भिता काढला नाही.

हे भिणं त्याच्या कामाला पोषकच होतं म्हणा. गंजगोलाईच्या बाजारामागच्या ज्या छापखान्यात तो शिकला, तिथल्या चंद्रप्पा मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याच्या कानात ओतलं होतं, “आधी ‘कै.’ बघायचं. मग मुहूर्त. मग मामाचं नाव. बाकी काय चुकलं तर लोक हसतेत, हे चुकलं तर मारायला येतेत.” जित्या माणसापुढं ‘कै.’ लागलं की पत्रिका करणारा गावात तोंड दाखवू शकत नाही. रामलिंगनं हे असं धरलं की प्रूफ हातात आलं की त्याची नजर गणपतीवर सुद्धा थांबत नसे, सरळ त्या दोन अक्षरांवर जाई. बोट ठेवून, ओठ हलवत तो वाचायचा. बावीस वर्षांत एकाही जित्या माणसाला त्यानं कागदावर मारलं नाही. याचा त्याला मनातून अभिमान होता, पण अभिमान बोलून दाखवायचीही त्याला भीती वाटायची.

मग कागदच कमी झाला. नांदेडचा एक प्रेसवाला वर्षानुवर्षं त्याला काम द्यायचा. एका हंगामात त्यानं फोन केला आणि म्हणाला, “रामलिंगभाऊ, कागदाच्या पत्रिका आता देवापुढं ठेवायपुरत्या लागून राहिल्या. बाकी समदं मोबाइलवर जातंय. तुम्ही हलणारं करता का, हलणारं?”

रामलिंग म्हणाला, “बगतो.” फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलाचा काठ धरून बसून राहिला. चव्वेचाळीस वर्षांचं वय, चष्म्याचा नंबर नुकताच बदललेला, आणि आता हे.

बायको, शीला, आतून म्हणाली, “शिका की मग. त्यात काय रडायचंय?”

ट्यूशन एरियात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सत्यम नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा मोशन डिझाइन, म्हणजे हेच हलणारं काम, शिकवायचा. एका बाजूला फिजिक्सचा वर्ग, दुसऱ्या बाजूला बायोलॉजीचा, मधल्या खोलीत हा. पायऱ्यांवर पाठीला सॅक लावलेल्या पोरांची रांग लागलेली असायची आणि तिच्यातून रामलिंग जुना घेतलेला लॅपटॉप छातीशी धरून वर चढायचा. पोरांना वाटायचं कुणाचे तरी वडील आलेत. बाजूला सरकून ती वाट द्यायची आणि हा आणखी ओशाळायचा.

शिकायला लागल्यावर त्याला कळलं की आपण ज्याला घाबरत होतो ते नवं सॉफ्टवेअर नव्हेच. भीती वेगळ्याच गोष्टीची होती. कागदावर ठेवलेली वस्तू ठेवली तिथं राहते. गणपती वरती ठेवला की तो वरतीच. इथं पडद्याखाली एक लांबलचक पट्टी, तिच्यावर सेकंद मांडलेले, आणि प्रत्येक वस्तूला सांगावं लागायचं की तू या सेकंदाला ये, एवढी सरक, त्या सेकंदाला जा. न सांगितलं तर ती येत नाही. चुकीचं सांगितलं तर भलत्याच वेळी येते. आणि तो एका वस्तूकडं बघत असताना बाकीच्या पाच त्याच्या नजरेआड काय करत असतील याचा काही भरवसा नाही. घरी जेवताना तो शीलाला म्हणाला, “समदं एकदम दिसत न्हाई गं. एक बघावं तर दुसरं निसटतंय.”

सत्यम मात्र चांगला होता. कितीही वेळा विचारलं तरी चिडायचा नाही. एकदा रामलिंगनं पडद्यावर वरून खाली एक फूल आणलं तेव्हा तो म्हणाला, “काका, हे फूल न्हाई, दगड आलाय. वस्तूला वजन पायजे. पडली की जरा हलली पायजे, मग थांबली पायजे.” रामलिंगनं ते वहीत लिहून घेतलं. पडली की हलली पाहिजे, मग थांबली पाहिजे. त्याखाली रेघ मारली.

पाचव्या महिन्यात पहिलं काम आलं. देवणीच्या शाळेत मास्तर असलेल्या शिवशंकरची मुलगी सुकन्या, तिच्या लग्नाच्या पत्रिकेचा व्हिडिओ. या घरची कागदी पत्रिका तीन लग्नांत रामलिंगनंच केली होती, म्हणून विश्वासानं आले. शिवशंकरनं फोटो आणि मजकूर दिला आणि उठता उठता म्हणाला, “आप्पांचा फोटो मोठा घ्या. दोन महिन्यांखाली छातीत स्प्रिंग टाकलीय त्यांच्या. डॉक्टर म्हनले जपा, धक्का बसू देऊ नका. लग्न दिवाळीनंतरचं होतं, ते त्यांच्यासाठीच आलीकडं घेतलंय. त्यांच्या डोळ्यांदेखत झालं म्हंजी बास.”

आप्पा म्हणजे आप्पासाहेब, शिवशंकरचे वडील. ब्याऐंशी वर्षांचा, अंगानं वाळलेला, मिशा मात्र अजून राखलेला शेतकरी. रामलिंग त्यांना ओळखत होता. मागच्या एका लग्नाच्या वेळी ते स्वतः प्रूफ बघायला लातूरला आले होते, चष्मा नसल्यामुळं सगळी पत्रिका त्याच्याकडून वाचून घेतली होती आणि जाताना त्याच्या हातावर पेढा ठेवला होता.

व्हिडिओत सहा दृश्यं होती. आधी गणपती. मग स्मरण आणि आशीर्वाद, म्हणजे आप्पासाहेबांची बायको गुणाबाई, ज्या चार वर्षांमागं गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग आप्पासाहेब. पुढं वधूवर, मुहूर्त, स्थळ, आणि शेवटी निमंत्रक. गुणाबाईंच्या चौकटीवर रामलिंगनं चार दिवस घालवले. चौकट डावीकडून येते, नाव उमटतं, खाली समई तेवते, आणि सगळं वाचून झालं की अगदी शेवटी वरून झेंडूचा हार उतरतो, चौकटीवर पडतो, एकदा इकडं, एकदा तिकडं हलतो आणि थांबतो. हार थांबला की चौकट जाते आणि पुढची येते. सत्यमनं बघितलं आणि म्हणाला, “काका, एक नंबर.” रामलिंगला त्या रात्री चांगली झोप लागली. वर्षभरात अशा किती झोपा लागल्या असतील, मोजून सांगता येतील.

आता आप्पासाहेबांची चौकट नव्यानं कोण करणार? त्यानं गुणाबाईंचीच चौकट उचलली आणि तिची नक्कल केली. फोटो बदलला. ‘कै.’ काढून ‘श्री.’ घातलं. समई काढली. हार काढायचा राहिला, कारण हार तिथं नव्हताच. तो पडद्याच्या वर, चौकटीच्या बाहेर, आपला सेकंद येईपर्यंत थांबून होता. समोर जे दिसत नाही ते कागदावरच्या माणसाच्या हिशेबी नसतंच.

आणि तपासणी? ती त्यानं जन्मभर केली तशीच केली. व्हिडिओ चालू केला, अक्षरं उमटून स्थिर झाली की थांबवला, बोट ठेवलं, ओठ हलवत वाचलं, आणि मग सरकवून पुढच्या दृश्यावर गेला. ‘कै.’ बरोबर. ‘श्री.’ बरोबर. मुहूर्त, मामा, कार्यालयाचं नाव, सगळं बरोबर. तीनदा वाचलं. हलणारी गोष्ट या शहाण्यानं तीनही वेळा थांबवून तपासली.

बुधवारी सकाळी दहाला त्यानं तो शिवशंकरला पाठवला. शिवशंकर शाळेत निघाला होता. त्यानं पहिली पाच-दहा सेकंदं बघितली, आईचा फोटो येताना बघून डोळे पुसले, आणि होते नव्हते तेवढ्या सगळ्या ग्रुपवर ढकलून दिला. कागदाची पत्रिका असती तर गावोगाव पोचायला आठ दिवस लागले असते. ही देवणी, उदगीर, धर्माबाद, नांदेड करून चहा निवायच्या आत पोचली.

रामलिंगनं तो शीलालाही पाठवला. पहिलाच होता, कौतुक होतं. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. हात धुऊन, फोन तेलाच्या डब्याला टेकवून तिनं बघायला घेतला. तिला वाचण्याची सवय नव्हती, बघण्याची होती. दोनच मिनिटांत तिचा आवाज आला.

“अहो, देवणीचे आप्पासाहेब कवा गेले?”

“कुठं गेले?”

“वारले कवा म्हनते मी. मला बोलला न्हाईत.”

“काहीही काय! जिते हायेत.”

“मग हार कामून पडलाय त्यांच्यावर?”

तो उठला तो खुर्ची पाडूनच. डब्याला टेकवलेला फोन उचलला. आप्पासाहेब मिशीत हसत होते. खाली ‘श्री.’ होतं, अगदी ठसठशीत. आणि मग वरून झेंडूचा हार आला, त्यांच्या फोटोवर पडला, एकदा इकडं, एकदा तिकडं हलला आणि थांबला.

भीती भीती म्हणून जिला तो आजवर ओळखत होता, ती ही नव्हती. ती सगळी किरकोळ होती. या वेळी तो फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे आपल्याकडं लहान लेकराला सुद्धा सांगावं लागत नाही. हार गळ्यात पडला तर मान असतो, तोच फोटोवर पडला तर माणूस संपलेला असतो. छातीत स्प्रिंग टाकलेल्या म्हाताऱ्याला त्यानं सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर मारलं होतं. आणि आता ते खरंच गेले तर? धसक्यानं गेले तर? लग्न मोडणार नाही, पण पुढं जाईल, आणि ज्यांच्यासाठी अलीकडं घेतलं तेच नसतील. देवणी म्हणेल, लातूरच्या त्या डिझाइनवाल्यानं हार घातला आणि आप्पा गेले.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. शिवशंकर. रामलिंग फोनकडं बघत राहिला, फोन वाजून बंद झाला. परत वाजला. पाच वेळा वाजला. सहाव्यांदा वाजला नाही, आवाजाचा निरोप आला. शीलानंच तो लावला.

“रामलिंगराव, काय करून ठेवलाव हे? धर्माबादहून आप्पांच्या भाच्याची, नरसिंगची जीप मातीला निघालीय. आप्पा जिते हायेत म्हनून फोन करून सांगालो तर समजूत घालून राहिलाव म्हनतेत मला. आन आप्पांनी बघितलंय ते. कोपऱ्यात बसलेत. कुणाशी बोलंनात, गोळी घेईनात. फोन उचला की वो!”

शीलानं लॅपटॉप पिशवीत घातला आणि ती पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. “जावा. तिथंच नीट करून द्या.”

“मला मारतील गं.”

“मारू द्या. पर इथं बसून ऱ्हायलाव तर मी बोलणार न्हाई तुमच्याशी.”

देवणीची एसटी भरलेली होती. त्याला मागच्या चाकावरची जागा मिळाली. बस हलली तसा त्यानं तो व्हिडिओ लावला आणि पहिल्यांदाच, न थांबवता, गणपतीपासून निमंत्रकापर्यंत बघितला. सहा दृश्यांत सगळ्यात सुंदर काय जमलं होतं तर तो हार. फूल फूल वेगळं दिसत होतं. वजन होतं. हलायचा तसा हलत होता. बाकीचं सगळं नवशिक्याचं होतं आणि हे एकच कारागिराचं. त्याला रडू आलं. शेजारची बाई विचारायला लागली, “कोन गेलं बाबा?” तर त्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

वाटेत त्यानं देवाला काय काय कबूल केलं ते सांगण्यात अर्थ नाही. बस प्रत्येक थांब्यावर उभी राहिली की त्याला बरं वाटायचं, पोचायला तेवढाच उशीर. आणि लगेच वाटायचं, या उशिरातच ते गेले तर.

गल्लीच्या तोंडाशी तो आला आणि थांबला. आप्पासाहेबांच्या घरापुढं जीप उभी होती. पांढऱ्या टोप्यांची माणसं दोघं-तिघं मिळून भिंतीच्या कडेनं उभी होती. दारात चपलांचा ढीग पडला होता. आतून एका बाईचा रडण्याचा आवाज आला. बांधलेला देवणी बैल तेवढा शांतपणे कडबा खात होता.

गेले, रामलिंग मनाशी म्हणाला. संपलं.

तो मागं वळला. खोटं कशाला सांगायचं, तो वळला आणि स्टँडच्या दिशेनं बरीच पावलं चालून गेला. शिवशंकर हाक मारत मागून धावत आला नसता तर तो परतीच्या बसमध्ये बसलाही असता.

“कुठं निघालाव?” शिवशंकरनं त्याचं मनगट धरलं. शाळेचा शर्ट घामानं भिजला होता, डोळे लाल.

“मास्तर, आप्पा...”

“हायेत. जिते हायेत. पर आसं बसलेत की मलाच भ्याव वाटाय लागलंय. चला आत. तुम्हीच सांगा त्यांना.”

आतल्या खोलीत आप्पासाहेब पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. धर्माबादहून आलेला त्यांचा भाचा नरसिंग पायथ्याशी मान घालून बसला होता आणि त्याची बायको मामा जिता दिसल्यावरही सुरू झालेलं रडणं थांबवू शकत नव्हती. पलंगावर मोबाइल उघडा पडला होता. म्हाताऱ्यानं डोळे वर केले आणि रामलिंगला दिसलं की ते चिडलेले नाहीत. ते भ्यालेले आहेत. आयुष्यभर भीती जवळून बघितलेल्या माणसाला ती दुसऱ्याच्या डोळ्यांत ओळखायला वेळ लागत नाही.

“बस,” आप्पासाहेब म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. “लेकरा, तू खोटं बोलू नगं. हे समदे बोलून राहिलेत. डॉक्टर काय बोललाय ह्यांना?”

“काय न्हाई आप्पा.”

“मग हे आधीच करून ठिवलं कामून? शिवशंकरनं तुला सांगितलं आसंल, म्हाताऱ्याचं काय खरं न्हाई, लग्नाचा कर आन ह्यो हाराचा बी करून ठिव. आन तू चुकून ह्यो पाठवलास. आसंच हाय ना? लग्न आलीकडं आनलं तवाच मला समजाया पायजे होतं.”

शिवशंकर म्हणाला, “आप्पा, तुमची शपथ—”

“तू गप.”

चूक झाली हे रामलिंगला सांगायचंच होतं, बसमध्ये तीस वेळा घोकलं होतं. पण नुसत्या चुकीवर हा म्हातारा विश्वास ठेवणार नव्हता. बावीस वर्षं न चुकलेला माणूस नेमकी हीच चूक कशी करील? त्याला दुसरं काही सांगावं लागणार होतं, आणि जे सांगायचं होतं ते त्यानं आजवर गिऱ्हाइकासमोर उच्चारलं नव्हतं. ते उच्चारावं लागू नये म्हणून तर तो जन्मभर फायलींच्या सात-सात नकला करत आला होता.

“आप्पा,” तो म्हणाला, “मला हे काम येत न्हाई.”

“काय?”

“हे हलणारं. येत न्हाई मला. शिकून राहिलो. पाच महिने झाले. पोरासारखं बाकड्यावर बसून शिकून राहिलो. मास्तरांना मी सांगितलं न्हाई. येतंय म्हनून काम घेतलं. तुमचा ह्यो पहिलाच.”

शिवशंकरनं त्याच्याकडं बघितलं. दारातल्या टोप्याही वळल्या. पण आप्पासाहेब मान हलवत होते, नाही नाही म्हणून.

“गोड बोलून राहिलास. ह्यांनीच सांगितलं आसंल आसं बोलायला.”

मग रामलिंगनं पिशवीतून लॅपटॉप काढला. तो सुरू होईपर्यंत खोलीतले सगळे त्या पडद्याकडं बघत उभे राहिले. त्यानं गुणाबाईंची चौकट उघडली. “ही आजींची. हार हिच्यासाठी केला. आता बगा, मी हिची नक्कल करतो. आता ह्यात फोटो बदलायचा. कुणाचाबी बसवला तरी...” आणि तो तिथंच थांबला.

कुणाचा बसवायचा? शिवशंकर समोर उभा होता. नरसिंग बसला होता. सुकन्या आईच्या पदराआडून बघत होती, अंगाला हळद लागायची होती तिच्या. कुणाचं नाव घेणार? घरी शीला होती. ज्याचा फोटो त्या चौकटीत जाईल त्याच्यावर तो हार पडणार, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि रामलिंगचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता असं कुणी म्हणत असेल तर त्यानं रामलिंगला बघितलेलं नाही. रस्त्यात पडलेल्या लिंबालाही तो वळसा घालतो.

लॅपटॉपमध्ये क्लासच्या फॉर्मसाठी काढलेला एक फोटो होता. निळा शर्ट, घाबरलेला चेहरा. त्याचा स्वतःचा.

पडद्यावरचा बाण भलतीकडंच जात होता. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा गुणाबाई गेल्या आणि त्यांच्या जागी रामलिंग आला. नरसिंगची बायको म्हणाली, “आगं बया, काय करून राहिलाय ह्यो!” त्यानं चालू केलं. लॅपटॉप जुना होता, चित्र अडखळत अडखळत पुढं सरकलं. चौकट आली. समई तेवली. आणि मग वरून तो हार निघाला. रामलिंगनं डोळे मिटले नाहीत. मिटावेसे फार वाटले, पण या एका खेपेला त्याला शेवटपर्यंत बघायचं होतं. हार त्याच्या फोटोवर पडला, इकडं हलला, तिकडं हलला, थांबला.

आप्पासाहेब पुढं सरकले. पडद्यावरच्या रामलिंगकडं बघितलं, मग समोरच्या, घामानं निथळणाऱ्या रामलिंगकडं बघितलं.

“म्हंजी ज्याला बसवशील त्याला पडतोय व्हय?”

“हाव आप्पा. नकलेसंगं येतोय तो. मला काढायचा समजला न्हाई.”

“परत दाखव.”

त्यानं परत दाखवलं. म्हातारा तीनदा ते बघत राहिला आणि तीनही वेळा हार रामलिंगवरच पडला. मग आप्पासाहेबांनी एक लांब श्वास सोडला. तो इतका वेळ त्यांनी कुठं धरून ठेवला होता कोण जाणे.

“गोळी आन,” ते सुनेला म्हणाले. “आन ह्याला पानी दे आधी. पांढरा पडलाय.”

त्या दिवशी तिथंच बसून रामलिंगनं हार काढला. नवा व्हिडिओ पाच वेळा, न थांबवता, शेवटपर्यंत बघितला आणि घरातल्या सगळ्यांना बघायला लावला. शिवशंकरनं ग्रुपवर खुलासा टाकला. त्याचा राग गेला नव्हता. स्टँडपर्यंत सोडायला तो आला नाही, आणि रामलिंगनं तशी अपेक्षाही केली नाही. तरी पुढचे बारा दिवस देवणीचा नंबर फोनवर दिसला की तो उचलायच्या आधी देवाला हात जोडायचा. दोनदा शिवशंकरनं कार्यालयाचा नकाशा पाठवायला फोन केला आणि दोन्ही वेळा रामलिंगनं आधी विचारलं, “आप्पा हायेत ना?”

लग्नाला तो जाणार नव्हता. शीलानं नेलं. मांडवात आप्पासाहेब पुढच्या खुर्चीत बसले होते. नव्या सोयऱ्यांनी त्यांचा सत्कार केला होता, नवा फेटा बांधला होता आणि गळ्यात झेंडूचा जाडजूड हार होता. रामलिंग लांबूनच बघत होता, आणि त्या हाराकडं त्याला बघवत नव्हतं. म्हाताऱ्यानं बोटानं त्याला जवळ बोलावलं.

“ते माझं हाराचं पुसलास का?”

खोटं बोलता आलं असतं. “न्हाई आप्पा,” तो म्हणाला. “पुसायला गेलो दोनदा. बटन दाबलं की मशीन इचारतंय, नक्की का म्हनून. मला भ्याव वाटलं. तुमच्या फोटोला नक्की कसं म्हनू?”

“आन तुझं?”

“माझं बी हाय. ते पुसायला तर लईच भ्याव वाटलं.”

आप्पासाहेबांनी गळ्यातला हार जरा सैल केला. समोर अक्षता वाटत होते, कुणीतरी त्यांच्या मुठीत आणून दिल्या. त्यातल्या अर्ध्या त्यांनी रामलिंगच्या तळहातावर ओतल्या आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली. हात गरम होता.

“दोनीबी ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पर लागतील तवा आधी माझं लागू दे.”